शौर्यगाथा पुरेत, गस्तनोंदी उघडा

१/४ पाणबुडीच्या युद्धकालीन गस्तनोंदींना शौर्यकथांचा कच्चा माल समजणे घातक आहे. त्या प्रथमतः तांत्रिक पुरावा असतात.

२/४ जुलै १९४३. अमेरिकी ‘टिनोसा’ने एकाच जपानी जहाजावर १५ टॉर्पेडो डागले, काटकोनात आदळलेले फुटलेच नाहीत. कप्तानाने प्रत्येक मारा नोंदवला होता. पुढील चाचण्यांत स्फोटयंत्रणेतील दोष सापडला.

३/४ अंबरनाथच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेने पाणबुडीसाठी इंधनघट प्रणाली विकसित केली. मार्च २०२१ मध्ये तिची जमिनीवर चाचणी झाली. बॅटरी भरण्यासाठी युद्धात पाणबुडीला किती वेळा वर यावे लागते, हे गस्तनोंदीच सांगू शकतात.

४/४ १९७१ च्या युद्धात ‘करंज’ अरबी समुद्रात होती. युद्धनोंदी साधारणतः २५ वर्षांत खुल्या व्हाव्यात, हे संरक्षण मंत्रालयाचेच २०२१ चे धोरण. पन्नाशी उलटलेल्या त्या वह्या अभ्यासकांच्या हाती हव्यातच.