गायरानांतील चाकोऱ्या आणि मातीचा हिशेब

१९७२ च्या फेब्रुवारीत अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष निक्सन यांनी सरकारी जमिनींवर हौसेखातर फिरणाऱ्या वाहनांना वाटा व मर्यादा आखून देणारा आदेश काढला. त्याच वर्षी मराठवाड्यातील माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडीत होती आणि बांध घालीत होती. या दोन घटनांचा परस्परांशी संबंध नाही. प्रश्न मात्र मुळात एकच आहे. सार्वजनिक जमिनीवर चाक फिरते, लाभ फिरविणाऱ्यास होतो आणि झिजलेल्या मातीची किंमत तिसराच कोणी मोजतो.

नांदेड व लातूर जिल्ह्यांत हौसेची वाहने डोंगर चढत नाहीत. येथे चढतात ते मुरूम वाहणारे ट्रॅक्टर आणि टिप्पर. अहमदपूर, लोहा, कंधार या बालाघाटाच्या पट्ट्यात गावाचे गायरान बहुधा माळावर वा उतारावर असते. तेथे मातीचा थर वीतभरही नसतो; खाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. कुसळी-पवन्यासारख्या गवताच्या मुळ्यांनीच ही माती धरून ठेविलेली असते. जड चाकाखाली ती दबली की पाणी मुरत नाही. चाकोरी उताराच्या दिशेने पडलेली असली की पहिल्याच जोरदार पावसात तिचा ओहोळ होतो, आणि काही वर्षांत ओहोळाची घळ. वाहन खाण सोडून गेले तरी घळ वाढतच राहते.

शासनाचा हिशेब मात्र ब्रासने चालतो. गौण खनिजाचे स्वामित्वधन उपसलेल्या मुरुमावर आकारले जाते. खाणीपासून डांबरी सडकेपर्यंत वाहनांनी स्वतःच पाडलेल्या वाटेची नोंद त्या मापात येत नाही. ती वाहून गेलेली माती तेरणा, मांजरा, मन्याड यांच्या खोऱ्यांतील तलावांत जाऊन बसते. मग २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या योजनेखाली तोच गाळ सरकारी पैशाने उपसावयाचा! ज्या लातूर शहराला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्याच्या परिसरात तरी हा उलटा व्यवहार परवडणारा नाही.

कॅलिफोर्निया राज्याने या बाबतीत एक व्यवहारी तोड काढली आहे. अशा वाहनांची नोंदणी फी व त्यांच्या इंधनावरील कराचा काही भाग स्वतंत्र निधीत जातो. आणि राज्याच्या वाहन-क्रीडाक्षेत्राचा जो भाग मृद्संधारणाच्या मानकांत उतरत नाही, तो दुरुस्त होईपर्यंत बंद ठेवावा लागतो. आपल्याकडेही परवान्यातच वाट आखून द्यावी, ती समपातळीवरून न्यावी, पावसाळ्यात बंद ठेवावी आणि अनामत रक्कम वाट बुजवून गवत रुजल्यावरच परत करावी, यात अशक्य असे काही नाही. महामार्गाच्या भरावासाठी तलावांतून मुरूम घेण्याचा जो प्रयोग बुलढाणा जिल्ह्यात झाला, त्यात तर खड्ड्याचाच पाणीसाठा झाला.

तथापि एक सावधगिरी आवश्यक आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे दूर करण्याचा आदेश दिला; पण त्याच निकालात भूमिहीनांना व अनुसूचित जातिजमातींना शासनाने दिलेल्या पट्ट्यांचा अपवादही मान्य केला आहे. मराठवाड्यात या अपवादाला इतिहास आहे. १९५९ चा दादासाहेब गायकवाडांचा भूमिहीनांचा सत्याग्रह या भागातही झाला होता. गायरानाचा तुकडा कसणारे कुटुंब बांध घालते, दगड वेचते. कारण ती माती गेली तर त्याचे पोट जाते. टिप्परवाल्याचे तसे नसते. माती वाचविण्याच्या नावाखाली महसूल यंत्रणा प्रथम कोणाच्या झोपडीपाशी थांबते आणि कोणाच्या वाहनापाशी, हे तालुक्या-तालुक्यातील पंचनाम्यांवरूनच ठरेल.