विजयदुर्गाला खोटा दागिना नको

ऐन दिवाळीत, वाचकांच्या हाती चकली असताना भांडण उकरून काढणे हे काही सभ्यपणाचे लक्षण नव्हे. पण मी पडलो मास्तर. चूक दिसली की तांबडी शाई आपोआप बाहेर येते. शिवाय यावेळची चूक माझीच आहे.

१८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात लॉकियर साहेबाने विजयदुर्ग किल्ल्यावरून हेलियमचा शोध लावला, असे आम्ही मुलांना अभिमानाने सांगतो. विजयदुर्ग १९८१ साली सिंधुदुर्ग जिल्ह्यात गेला खरा, पण रत्नागिरीकरांनी या अभिमानातला आपला वाटा काही सोडला नाही. मीही पंधरा वर्षे हेच फळ्यावर लिहिले. गेल्या पावसाळ्यात एका मुलीने विचारले, "गुरुजी, साहेब इथे आला कसा? बोटीने?" मी पुस्तके उघडली आणि मान खाली घातली.

साहेब तेव्हा इंग्लंडातच होता! त्या ग्रहणाला गुंटूर येथे दुर्बीण रोखून बसला होता तो जान्सेन नावाचा फ्रेंच शास्त्रज्ञ. लॉकियरने २० ऑक्टोबरला, ग्रहणावाचूनच, इंग्लंडातून सूर्याच्या कडेवरील ज्वाळांचा वर्णपट पाहिला. त्यातली एक पिवळी रेघ कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याची नव्हती; त्या अज्ञाताला पुढे 'हेलियम' हे नाव मिळाले. साहेब विजयदुर्गावर आला तो तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. तोवर हेलियम पृथ्वीवरही सापडले होते. ग्लासगोत जन्मलेल्या विल्यम रॅमसे या स्कॉटिश रसायनज्ञाने १८९५ साली लंडनच्या प्रयोगशाळेत युरेनियमच्या खनिजावर आम्ल ओतले आणि निघालेल्या वायूत तीच पिवळी रेघ ओळखली.

कुणी म्हणेल, "मास्तर, मुलांना थोडा अभिमान वाटला तर तुमचे काय बिघडले?" बिघडते ते असे, की उसन्या दागिन्याची सवय लागली म्हणजे घरचे सोने दिसेनासे होते.

स्कॉटलंडकडे पाहा. खडकाळ जमीन, भरमसाट पाऊस आणि पोटासाठी परमुलखी जाणारी पोरे. वर्णन कोकणाचेच वाटते ना? पण त्या देशाने १६९६ साली कायदा करून गावोगावच्या जमीनदारांवर शाळा आणि पगारी मास्तर ठेवण्याची सक्ती केली. पुढे शेतकऱ्याचा मुलगा अलेक्झांडर फ्लेमिंग खेड्यातल्या शाळेत शिकला, आणि १९२८ साली त्याला पेनिसिलिन गवसले. स्कॉटिश माणसाचा अभिमान असा शाळेतून कमावलेला आहे.

आमच्या लाल मातीत कुणी झालेच नाही काय? दापोली तालुक्यातल्या मुरूडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित घ्या. जन्म १८५३ चा, शिक्षण मॅट्रिक, पेशा मास्तरकीचा. मीही मॅट्रिकच, म्हणून हे नाव घेताना माझा ऊर जरा अधिकच भरून येतो. शाळा सांभाळून या माणसाने 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा ग्रंथ सिद्ध केला, तोही मराठीत, आणि १८९६ साली प्रसिद्ध केला. अभ्यासकांना तो इतका मोलाचा वाटला, की पुढे सरकारने त्याचे इंग्रजी भाषांतर छापले. साहेब विजयदुर्गावर उतरला तेव्हा दीक्षित हयात होते. त्याच एप्रिलात ते वारले. साहेबाचे नाव आमच्या पोरांना पाठ आहे. दीक्षितांचे किती जणांना ठाऊक आहे?

१८ ऑगस्टचा सोहळा बंद करा, असे मी म्हणत नाही. मुलांना किल्ल्यावर जरूर न्या, 'साहेबाचे कट्टे' दाखवा. पण १८९८ हे साल सांगा, रॅमसेचे नाव सांगा, आणि परतताना मुरूडचा रस्ता दाखवा.

फराळाच्या गडबडीत गॅसच्या निळ्या ज्योतीवर मिठाची चिमूट सांडली, तर ज्योत पिवळी होते. तो पिवळा रंग सोडियमचा. लॉकियरने पाहिलेली रेघ त्याच्या अगदी शेजारची, पण ती नव्हे. एवढा बारीक फरक त्याने सोडून दिला नाही म्हणून शोध लागला. आम्ही मात्र तीस वर्षांचा फरक गिळून बसलो आहोत. त्या मुलीला मी सहामाहीनंतर वर्गात उभी करणार आहे, आणि सर्वांदेखत तिला सांगणार आहे, की गुरुजींचे चुकले होते.