उजेडाची बेगमी

मृगापूर्वी घराची बेगमी करण्याचा आमच्या सीमाभागातील रिवाज जुना आहे. सरपण कोरड्यात जाते, पापड-सांडगे डब्यांत भरले जातात, घरे शाकारली जातात. या यादीत अलीकडे विजेची भर पडली आहे. कणकुंबी-जांबोटीकडे पाऊस ओतू लागला आणि रानातले झाड तारेवर आडवे झाले की खानापूर तालुक्यातील गावे अंधारात बुडतात. बेळगाव शहरातही वादळी वळिवाच्या सरीसरशी दिवे जातात. म्हणून ज्याला परवडते तो इन्व्हर्टर घेतो. अवश्य घ्यावा, आमची ना नाही. मात्र ही खरेदी हिशेबाने व्हावी, आणि घरात उजेड आला म्हणून आपला सार्वजनिक हक्क विसरला जाऊ नये, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे.

प्रथम हिशेब. बाजारात सर्रास खपणारी बॅटरी १२ व्होल्ट आणि १५० अँपिअर-तासांची असते. गुणाकार १,८०० वॅट-तास. दुकानदार हाच आकडा मोठ्याने सांगतो. परंतु शिशाची बॅटरी तळापर्यंत उपसली तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते, आणि इन्व्हर्टरही आपला वाटा काढून घेतोच. व्यवहारात हजार वॅट-तास हाती लागले तरी समाधान मानावे. ९ वॅटांचे चार एलईडी दिवे आणि ७५ वॅटांचे दोन पंखे मिळून १८६ वॅट होतात. म्हणजे पाच-सव्वापाच तासांची सोय. तेच पंखे नव्या धर्तीच्या, ३० वॅटांच्या मोटरीचे घेतले तर भार ९६ वॅटांवर येतो आणि तीच बॅटरी दहा तास पुरते. तेव्हा दुसरी बॅटरी घेण्यापूर्वी पंखे बदलावेत. गिझर आणि इस्त्री यांना इन्व्हर्टरच्या वाटेस जाऊच देऊ नये.

दुसरी गोष्ट जिवाची. शिशाची बॅटरी चार्ज होताना तिच्यातून ज्वालाग्राही हायड्रोजन वायू निघतो. तिची जागा चुलीशेजारी नव्हे, देवघरातील समईखालीही नव्हे. ती हवेशीर कोपऱ्यात असावी. तिच्यात नळाचे पाणी न घालता शुद्ध केलेले डिस्टिल्ड पाणीच घालावे. जनित्र तर घरात किंवा बंद पडवीत कधीही चालवू नये. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेतले माणूस झोपेतच जाते. जनित्राची तार भिंतीवरील प्लगमध्ये खुपसून घर उजळण्याचा प्रकारही काही ठिकाणी चालतो. अशी वीज उलट वाहत बाहेरच्या तारेत शिरते आणि भर पावसात खांबावर चढलेल्या कामगाराचा बळी घेऊ शकते. त्याची मातृभाषा मराठी असो वा कन्नड, त्याच्याही घरी कोणी वाट पाहत असते. चेंजओव्हर स्विच बसविल्याखेरीज जनित्र घराला जोडू नये.

छपरावरील सौरपट्ट्यांविषयीही एक गैरसमज दूर व्हावयास हवा. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर केलेल्या सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटच्या संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान ठरविण्यात आले. परंतु केवळ सरकारी तारेशी जोडलेला साधा संच वीज गेल्याबरोबर स्वतःही बंद पडतो. त्या खांबावरच्या कामगाराच्या सुरक्षिततेसाठीच तशी योजना असते. अंधारातही उजेड हवा असेल तर बॅटरीसह चालणारा संच आहे काय, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे.

आता सार्वजनिक हक्काकडे वळू. वडगाव, शहापूर, खासबागेतील विणकराच्या घरातील यंत्रमाग घरगुती इन्व्हर्टरवर चालत नाही. वीज गेली की त्याची मजुरी जाते. परीक्षेला बसलेल्या गरिबाच्या पोराला बॅटरी कोण देणार? ज्यांचा आवाज कचेरीत ऐकला जातो ती सुस्थित माणसे आपापल्या उजेडात स्वस्थ बसली, तर या घरांसाठी बोलावयाचे कोणी?

विलीनीकरण झाले की दिवे जाणारच नाहीत, अशी भाबडी आशा आम्ही कोणास दाखवीत नाही. सह्याद्रीचा पाऊस राज्याची हद्द पाहून पडत नाही. चंदगडकरांनाही तो ठाऊक आहे. पण १९५६ पासून आपण न्यायाची वाट पाहत आहो, महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, म्हणून निकालापर्यंतचे रोजचे हक्क गुंडाळून ठेवावयाचे काय? २००३ च्या वीज कायद्याने प्रत्येक वितरण कंपनीला ग्राहक तक्रार निवारण मंच नेमणे बंधनकारक केले आहे. त्यावर लोकपालही आहे. शेतीसारखे काही वर्ग वगळता ग्राहकाला चोवीस तास वीज मिळावी, असे २०२० चे ग्राहक हक्क नियम सांगतात. आणि राज्यघटनेचे ३५० वे कलम प्रत्येकास संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा अधिकार देते. मराठीतून तक्रार करणे ही कोणाची मेहरबानी नव्हे.

आमची सूचना साधी आहे. गल्लीगल्लीतील मंडळांनी एक वही घालावी. वीज कोणत्या तारखेस, किती वाजता गेली आणि किती वाजता आली, याची नोंद व्हावी. महिनाअखेर त्या नोंदींसह सह्यांची तक्रार मराठीत लिहून कचेरीत द्यावी आणि पोच घेतल्यावाचून परतू नये. त्याच मंडळांनी उत्सवाच्या वर्गणीतून एक बॅटरी वाचनालयात बसवावी. रात्री अभ्यासाला मुलांना तेवढी एक खोली उजळलेली असू द्या. पावसाळ्याची बेगमी गल्लीने मिळून करावी. मृगाला फार दिवस उरलेले नाहीत. वही आजच घाला.