केंटकी डर्बी : विजेत्यांच्या यादीतून नाहीसे झालेले स्वार

१/ अमेरिकेतील लुईव्हिल शहरात प्रथेप्रमाणे मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी केंटकी डर्बी धावते. तीन वर्षांच्या घोड्यांची, सव्वा मैलाची ही सपाट शर्यत जेमतेम दोन मिनिटांत आटोपते. तिचा इतिहास बहुधा घोड्यांचा आणि मालकांचा म्हणूनच सांगितला जातो. माझ्या मते तो स्वारांच्या अंगाने वाचायला हवा.

२/ पहिली डर्बी १७ मे १८७५ रोजी झाली. १५ घोडे धावले. त्यांपैकी १३ घोड्यांवर कृष्णवर्णीय स्वार होते. विजेत्या ॲरिस्टाइडीजचा स्वार ऑलिव्हर लुईसही त्यांच्यापैकीच, तर प्रशिक्षक ॲन्सेल विल्यमसन जन्माने गुलाम.

३/ हा योगायोग नव्हता. दक्षिणेतील जमीनदारांच्या तबेल्यांत घोड्यांची निगा आणि शिकवण पिढ्यान्‌पिढ्या गुलामांकडे होती. १८६५ मध्ये गुलामगिरी संपली, तेव्हा हे कौशल्य त्यांच्या हाती होते. पहिल्या २८ डर्बींपैकी १५ कृष्णवर्णीय स्वारांनी जिंकल्या; आयझॅक मर्फी यांनी एकट्याने तीन : १८८४, १८९० आणि १८९१.

४/ मग हे स्वार गेले कुठे? या व्यवसायात मान आणि पैसा वाढला, तसे गोरे स्वार संगनमताने त्यांना धावपट्टीवर कोंडीत पकडू लागले, कठड्याकडे लोटू लागले. मालक त्यांना घोडे देईनासे झाले. १८९६ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयानेच 'विभक्त पण समान' या तत्त्वाखाली वर्णविभाजन वैध ठरवले. दाद मागायची कोणाकडे?

५/ जिमी विंकफील्ड यांनी १९०१ आणि १९०२ अशी लागोपाठ दोनदा डर्बी जिंकली. त्यांच्यानंतर एकाही कृष्णवर्णीय अमेरिकन स्वाराला ती जिंकता आलेली नाही. १९२१ नंतर तर त्यांच्यापैकी एखादा स्वार या शर्यतीत उतरला तो थेट २००० मध्ये.

६/ काही जण म्हणतात, कृष्णवर्णीय कुटुंबे उत्तरेकडील शहरांत गेली आणि घोड्यांशी असलेले नाते आपसूक तुटले. स्थलांतर झाले हे खरे. पण विंकफील्ड यांचे कौशल्य आटले नव्हते. अमेरिकेत घोडे मिळेनात, तेव्हा त्यांनी रशिया गाठला आणि तेथील मोठमोठ्या शर्यती जिंकल्या. संधी संपली होती, कसब नव्हे.

७/ १९६१ मध्ये डर्बीनिमित्तच्या मेजवानीचे निमंत्रण घेऊन विंकफील्ड लुईव्हिलला आले, तेव्हा हॉटेलच्या मुख्य दारातून त्यांना प्रवेश नाकारण्यात आला.

८/ मित्रांनो, विजेत्यांची यादी हाही इतिहासाचा दस्तऐवजच असतो. एखाद्या समाजाची नावे तिच्यातून अचानक थांबली, तर ती कोणी थांबवली, हे अवश्य विचारा.