बेगमी कोणाला परवडते?

कोविडची साथ ओसरून आता काही वर्षे लोटली. त्या काळात घराची सिद्धता कशी करावी, यासंबंधी उपदेश भरपूर झाला. दोन-तीन आठवडे पुरेल इतका शिधा घरात असावा, नेहमीच्या औषधांचा साठा असावा, साबण असावा, थोडी रोकड हाताशी असावी, असे जाणकार सांगत होते. हा सल्ला चुकीचा होता असे कोणी म्हणणार नाही. साथीत बाजारात वारंवार जावे लागू नये हे आरोग्याच्या दृष्टीने इष्टच आहे. परंतु अर्थशास्त्राचा विद्यार्थी अशा सल्ल्यासमोर एक साधा प्रश्न उभा करतो: हा सल्ला अमलात आणण्याची ऐपत समाजातील किती कुटुंबांपाशी आहे? हा प्रश्न आपण साथ चालू असताना पुरेसा विचारला नाही. पुढची साथ येण्यापूर्वी तरी तो विचारला पाहिजे.

२४ मार्च २०२० रोजी रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी देशव्यापी टाळेबंदी जाहीर केली. ती त्याच मध्यरात्रीपासून २१ दिवस अमलात येणार होती. म्हणजे सुमारे १३५ कोटींच्या देशाला तीन आठवड्यांच्या सिद्धतेसाठी चार तासांचा अवधी मिळाला. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा होता. त्या रात्री शहराशहरांतून किराणा दुकानांपुढे आणि औषधांच्या दुकानांपुढे गर्दी उसळली. साथीपासून वाचण्यासाठी जे अंतर राखायचे, तेच त्या गर्दीत नाहीसे झाले. पुढे अनेकांनी या गर्दीला मूर्ख ठरवले, स्वार्थी ठरवले. मला ते योग्य वाटत नाही. उद्या दुकान उघडेल की नाही हे ज्याला ठाऊक नाही, त्याने आज दोन किलोऐवजी दहा किलो तांदूळ घेतला, तर त्याच्यापुरते ते शहाणपणच असते. मात्र प्रत्येकाने तेच केले की दुकान रिकामे होते, भाव चढतो आणि भीती खरी ठरते. एकाच्या बाबतीत जे योग्य, ते सर्वांनी मिळून केले असता घातक होते, हा अर्थशास्त्रातील जुना धडा आहे. त्यावर उतारा नीतिपाठाचा नसतो. उद्याही धान्य मिळेल अशी खात्री देणारी यंत्रणा उभी करणे हाच त्यावरचा उतारा होय.

येथे बेगमी आणि साठेबाजी यांतील भेद नीट ध्यानात घेतला पाहिजे. महाराष्ट्राला घरगुती साठवणीची परंपरा नवी नाही. सुगी झाली की गहू उन्हे दाखवून, एरंडेलाचा हात लावून, कडुलिंबाचा पाला घालून डब्यांत भरायचा. चैत्र-वैशाखात पापड, कुरडया, सांडगे करायचे. कोकणात पावसाळ्यापूर्वी अगोट भरायची, हे घराघरांतील वार्षिक नियोजन होते. कणगी, बळद, पेव हे शब्द त्याच व्यवहारातून आले. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर, ही खरेदी पुरवठा मुबलक असताना होते. त्यामुळे सुगीच्या दिवसांत कोसळणाऱ्या भावाला थोडा आधार मिळतो आणि टंचाईच्या दिवसांत त्या कुटुंबाची मागणी बाजारावर येत नाही. साठेबाजीचा क्रम नेमका याच्या उलट असतो. टंचाई दिसू लागली की माल उचलायचा, आणि टंचाई वाढली की तो चढ्या भावाने सोडायचा. बेगमी शेजाऱ्याचा भार हलका करते, साठेबाजी तो वाढवते.

तथापि या परंपरेचे गोडवे गाताना तिची दुसरी बाजू झाकून ठेवता कामा नये. कणगी ज्याच्या घरात होती त्याच्यापाशी जमीन होती, वतन होते किंवा पगार होता. भूमिहीन मजुराच्या, गावकुसाबाहेरच्या माणसाच्या झोपडीत कणगी नव्हतीच. आषाढ-श्रावणात त्याच्या घरातले धान्य संपले की तो सावकाराच्या पेवाशी जाई आणि सवाई-दिढीने धान्य उचली. मणाला दीड मण फेडायचे, तेही पुढच्या सुगीच्या मजुरीतून. म्हणजे एकाच गावात एका घराचा साठा ही दुसऱ्या घराच्या कर्जाची सुरुवात होती. साठवण हा केवळ गृहिणीच्या दक्षतेचा विषय नाही; ती सत्ता आहे, हे ग्रामीण महाराष्ट्राला कोणी शिकवण्याची गरज नव्हती.

आजच्या शहरात चित्र निराळे दिसते, पण तत्त्व तेच आहे. समजा, पाच माणसांच्या एका कुटुंबाचा किराणा महिन्याला सहा हजार रुपयांचा आहे. तीन आठवड्यांचा साठा करायचा तर एकरकमी सुमारे ४,२०० रुपये हवेत. मासिक वेतन घेणाऱ्याला वा आम्हा निवृत्तिवेतनधारकांना ही रक्कम उभी करणे अवघड नाही; आम्ही फक्त पुढचा खर्च आधी करतो. परंतु दिवसाला ५०० रुपये मिळवणाऱ्या नाका कामगाराला ती आठ दिवसांहून अधिक दिवसांची संपूर्ण मजुरी आहे, आणि तीही भाडे, औषध, प्रवास यांवर एक पैसा न खर्चता. म्हणूनच तो तेल सुटे घेतो, चहापत्तीची पुडी घेतो, डाळ पावशेर घेतो. पुडीमागे तो किलोच्या भावापेक्षा अधिकच पैसे मोजतो. गरिबीत काटकसर करता येत नाही, कारण काटकसरीलाही भांडवल लागते. त्यातून २०११ च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईची सुमारे ४१ टक्के लोकसंख्या झोपडवस्तीत राहत होती. दहा बाय दहाच्या खोलीत, जेथे माणसेच पाळीपाळीने झोपतात, तेथे महिन्याचे धान्य ठेवायचे कोठे? ज्यांना पाणी सार्वजनिक नळावरून आणावे लागते आणि शौचालयही सार्वजनिक वापरावे लागते, त्यांनी दार लावून आत बसायचे कसे?

साठा आणि ऐपत यांचा संबंध तुटला की काय होते, याचा सर्वांत भीषण पुरावा १९४३ च्या बंगालमधील दुष्काळाचा आहे. त्यात सुमारे ३० लाख माणसे मेली. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले की, १९४३ मधील बंगालचा तांदळाचा पुरवठा आधीच्या पाच वर्षांच्या सरासरीपेक्षा जेमतेम पाच टक्क्यांनी कमी होता. १९४१ पेक्षा तर तो अधिकच होता. युद्धकाळातील भाववाढ, व्यापाऱ्यांची साठेबाजी आणि भयापोटी झालेली खरेदी यांमुळे तांदूळ मजुरांच्या आवाक्याबाहेर गेला. कलकत्त्यातील मोठ्या कारखान्यांच्या कामगारांसाठी स्वस्त धान्याची सोय होती. खेड्यातील शेतमजूर, मच्छीमार, कारागीर यांच्यासाठी ती नव्हती, आणि मेले ते प्रामुख्याने हेच लोक. त्याच १९४३ साली मुंबईत रेशनिंग सुरू झाले. कलकत्त्यात ते १९४४ च्या जानेवारीअखेर, म्हणजे दुष्काळाने आपले काम उरकल्यानंतर, सुरू झाले. रेशनिंग म्हणजे टंचाईची कबुली असे मानण्याचा प्रघात पडला आहे. वास्तविक ती न्यायाची हमी आहे.

२०२० साली आपला देश १९४३ च्या अवस्थेत नव्हता, ही समाधानाची गोष्ट आहे आणि ती नाकारण्याचे कारण नाही. त्या वसंतात भरडायच्या भातासह सात कोटी टनांहून अधिक धान्य सरकारी साठ्यात होते. एप्रिलसाठी ठरलेला किमान साठा २.१ कोटी टनांचा होता; म्हणजे निकषाच्या तिप्पट धान्य हाताशी होते. २६ मार्च रोजी केंद्र सरकारने अन्नसुरक्षा कायद्याखालील प्रत्येक व्यक्तीस महिना पाच किलो धान्य विनामूल्य आणि कुटुंबास एक किलो डाळ देण्याचे जाहीर केले. महाराष्ट्र सरकारने शिवभोजन थाळी पाच रुपयांवर आणली, आणि केशरी कार्डावरील वंचित कुटुंबांना मे-जूनसाठी आठ रुपये किलोने गहू व बारा रुपये किलोने तांदूळ दिला. या उपायांनी लाखो घरांतील चूल पेटती राहिली.

पण ज्यांच्यापाशी कार्ड नव्हते, त्यांचे काय? २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने ग्रामीण भागातील ७५ टक्के व शहरांतील ५० टक्के लोकांना हक्क दिला, आणि त्यांची संख्या ठरवली ती २०११ च्या जनगणनेवरून. नंतर जन्मलेल्या, नंतर कुटुंबातून वेगळ्या झालेल्या कोट्यवधी माणसांसाठी त्या यादीत जागाच उरली नाही. २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही आणि ती जागा तशीच अडून राहिली. दुसरीकडे, ज्याचे कार्ड मध्य प्रदेशातील वा बिहारमधील गावी होते, त्याचे महाराष्ट्रातील पोट कोणाच्याच हिशेबात नव्हते.

८ मे २०२० रोजी पहाटे औरंगाबाद जिल्ह्यातील करमाडजवळ रेल्वेरुळांवर झोपी गेलेले १६ मजूर मालगाडीखाली सापडून मृत्युमुखी पडले. जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारी ही मध्य प्रदेशातील माणसे भुसावळकडे पायी निघाली होती. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत रुळांवर विखुरलेल्या भाकऱ्यांचे छायाचित्र होते. तीच त्यांची बेगमी होती. कार्ड नसलेल्या आठ कोटी स्थलांतरितांना दोन महिने पाच किलो धान्य देण्याची केंद्राची घोषणा त्यानंतर सहाव्या दिवशी, १४ मे रोजी झाली. धान्य गोदामात होते. ते त्यांच्यापर्यंत आणण्याचा निर्णय मात्र टाळेबंदीच्या सात आठवड्यांनंतर झाला.

यावर काही अर्थतज्ज्ञ म्हणतील की, गोदामे आणि रेशन दुकाने यांत गळती फार. त्यापेक्षा लोकांच्या हाती रोकड द्या. शांततेच्या काळात या युक्तिवादात काही तथ्य असेल. परंतु भयाच्या बाजारात रोकड स्पर्धा वाढवते, माल वाढवत नाही. शिवाय रोकड किती दिली तेही पाहावे. जनधन खाते असलेल्या स्त्रियांना एप्रिल ते जून या तीन महिन्यांत मिळून १,५०० रुपये मिळाले, महिन्याला ५००. वर केलेल्या हिशेबाशी हा आकडा वाचकांनी स्वतःच ताडून पाहावा.

त्याच वर्षातील आणखी एक विसंगती नोंदवली पाहिजे. १३ मार्च २०२० रोजी सरकारने मास्क आणि सॅनिटायझर यांना जीवनावश्यक वस्तू कायदा लागू केला आणि पाठोपाठ त्यांचे कमाल भावही ठरवून दिले. बाजाराला मोकळे सोडता येत नाही हे तेव्हा मान्य झाले होते. परंतु पुढे तीनच महिन्यांनी, ५ जूनच्या अध्यादेशाने, धान्य, कडधान्ये, खाद्यतेल, कांदा, बटाटा यांच्या साठ्यांवरील निर्बंध सैल करण्यात आले. नाशवंत मालाचे भाव दुप्पट झाल्याखेरीज आणि टिकाऊ मालाचे दीडपट झाल्याखेरीज साठामर्यादा लावायची नाही, असा तो नियम होता. शेतकऱ्यांच्या आंदोलनामुळे २०२१ साली तो कायदा रद्द झाला. खासगी गोदामांत भांडवल यावे हा त्यामागचा हेतू सांगितला गेला. पण भाव दीडपट होईपर्यंत पावशेर डाळ घेणाऱ्याने काय खायचे, याचे उत्तर त्यात नव्हते.

साठ्याचा प्रश्न चुलीपाशी सुरू होतो, पण तो तेथे सुटत नाही, हे या राज्यातील स्त्रियांनी फार पूर्वी ओळखले होते. १९७२ नंतरच्या टंचाईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आदींच्या नेतृत्वाखाली महागाईविरोधात लाटणी घेऊन निघालेल्या स्त्रियांनी रिकाम्या डब्याचा जाब व्यापाऱ्याला आणि मंत्र्याला विचारला. आज त्याच दृष्टीची गरज आहे.

यातून आपल्यापुढे काही कामे ठरतात. पहिले, अन्नसुरक्षेची व्याप्ती आजच्या लोकसंख्येप्रमाणे वाढवण्याची मागणी सतत लावून धरणे. ई-श्रमवर नोंदलेल्या सुमारे आठ कोटी कार्डहीन कामगारांना कार्डे द्या, असे सर्वोच्च न्यायालयाला २०२३ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये सांगावे लागले, यावरून अनास्थेची कल्पना यावी. दुसरे, साथीत दिले जाणारे जादा पाच किलो २०२२ च्या अखेरीस थांबले. कायद्याचे पाच किलो फुकट झाले, पण रेशनवर डाळ आणि तेल नियमित नाही. ते असले पाहिजे. तिसरे, यापुढे कोठलाही बंद पुकारताना शिधा आणि मजुरीची आगाऊ तरतूद त्याच आदेशात असावी, हे तत्त्व म्हणून मान्य करून घेणे. चौथे, कायद्याने रेशन दुकानाच्या पातळीपर्यंत दक्षता समित्या नेमायला सांगितल्या आहेत. त्या बहुतेक ठिकाणी कागदावर असतात. कार्यकर्त्यांनी त्यांत शिरावे, दुकानातला साठा आणि नोंदवही तपासावी. पाचवे, बचत गटांच्या साहाय्याने वस्तीपातळीवर धान्यकोठी उभारावी. सुगीत एकत्र खरेदी केली तर पुडीच्या भावातूनही सुटका होते.

आणि आपल्या घराचे काय? पंधरा-वीस दिवसांची बेगमी ज्याला शक्य आहे त्याने अवश्य करावी. पण ती बाजार शांत असताना, सुगीच्या दिवसांत, थोडी थोडी करावी. भयाच्या रात्री दुकानापुढील एक माणूस त्यामुळे कमी होतो, आणि ती जागा ज्याला आज मजुरी मिळाली त्याला मिळते.

पुढची साथ केव्हा येईल हे कोणालाच सांगता येणार नाही. पण ती येईल तेव्हा आपल्या वस्तीत कोणाच्या घरी दुसऱ्या दिवशीचा दाणा नसेल, हे आजही सांगता येते. त्या घरांची यादी करायला साथीची वाट पाहण्याचे कारण नाही.