घरधन्याचा अर्ज आणि शेजाऱ्याचा उजेड

एका मध्यम स्थितीच्या गृहस्थानें नगरपालिकेकडे अर्ज केला आहे, असें समजा. प्लॉट लहान; आई वृद्ध, जिना चढणें तिला अशक्य. तेव्हां तळमजल्यावर बाजूच्या मोकळ्या जागेंत एक खोली वाढवूं द्यावी, दहा फुटांचें सामासिक अंतर आपल्यापुरतें पांच फूट करावें, एवढीच त्याची विनंति. अर्ज वाचून कोणाचेंही मन द्रवेल. परंतु त्या दहा फुटांच्या पलीकडे शेजाऱ्याची खिडकी आहे, आणि शेजाऱ्यानें कांहीं अर्ज केलेला नाहीं. अशा अर्जाचा निकाल कोणत्या तत्त्वावर व्हावा, याचा आज विचार करावयाचा आहे.

सामासिक अंतर म्हणजे कारकुनांनीं काढलेली कटकट, असा समज आपल्या लोकांत, विशेषतः व्यापारी वर्गांत, फार आहे. १८९६ सालीं मुंबईस प्लेग आला व कोंदट, अंधाऱ्या चाळींच्या वस्त्यांत त्यानें काय अनर्थ केला, हें ज्यांस ठाऊक आहे ते असें म्हणणार नाहींत. १८९८ सालीं निघालेल्या इंप्रूव्हमेंट ट्रस्टानें पुढें खोलींत उजेड पोंचावा म्हणून समोरच्या इमारतीच्या उंचीस ६३॥ अंशांच्या कोनाचें माप लावलें. प्लेग उंदरांवरील पिसवांनीं पसरतो हें मागाहून सिद्ध झालें खरें; पण म्हणून उजेड-वाऱ्याची गरज खोटी ठरली नाहीं. क्षयास अंधारी खोली आजही मानवते.

तथापि नियम सर्वांस एक असला तरी जमिनी एकसारख्या नसतात. कोणाचा प्लॉट त्रिकोणी, कोणाचा अर्धा भाग रस्तारुंदींत गेलेला. अमेरिकेंत १९१६ सालीं न्यूयॉर्क शहरानें वस्तीचे विभाग पाडणारा कायदा केला, व १९२६ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें ओहायोंतील युक्लिड गांवाच्या खटल्यांत ही पद्धति ग्राह्य धरली. पण अपवादाचे अर्ज ऐकणारीं मंडळेंही त्याबरोबर निघालीं. न्यूयॉर्क संस्थानाच्या कायद्याप्रमाणें अशा मंडळानें अर्जदाराचा लाभ व वस्तीचें अहित हीं तोलून पाहावयाचीं असतात. वस्तीचें स्वरूप बिघडेल काय, तोच हेतु दुसऱ्या मार्गानें साधेल काय, मागितलेली सवलत मोठी आहे काय, परिसरास अपाय होईल काय, आणि अडचण अर्जदारानें स्वतःच ओढवून घेतली आहे काय, हे प्रश्न विचारावे लागतात. सुनावणी जाहीर होते, व सवलत द्यावयाची ती कमींत कमी.

आपल्याकडे मुंबईबाहेरील बहुतेक शहरांस २०२० सालची एकत्रिकृत नियमावली लागू आहे. तींत, उघड दिसणारी अडचण असेल तेथें मापें शिथिल करण्याचा अधिकार दिलेला आहे. मात्र चटईक्षेत्रास सामान्यतः हात लावतां येत नाहीं, आणि आरोग्य, आगीपासून बचाव व इमारतीची मजबुती यांस धक्का लागूं नये, केवळ आंतील लोकांच्याच नव्हे, तर शेजारच्यांच्याही. शब्द उत्तम आहेत. प्रश्न असा कीं, शेजाऱ्यास धक्का लागतो कीं नाहीं हें शेजाऱ्यास न विचारतां ठरवावयाचें कसें? फाईल या टेबलावरून त्या टेबलावर जाते, आणि शेजाऱ्यास पहिली वार्ता मिळते ती विटांचा ट्रक दारांत उभा राहतो तेव्हां.

दुसरा दोष प्रीमियमचा. सवलतीबद्दल पैसे घेण्याची मुभा आहे, व त्यामुळें सवलत ही विकावयाची वस्तु होऊन बसते. पैसा जातो पालिकेच्या तिजोरींत. उजेड जातो शेजाऱ्याचा. हा व्यवहार कोणत्या वहींत जमा-खर्च मांडून बरोबर ठरेल, हें आमच्या व्यापारी वाचकांनींच सांगावें.

आतां त्या वृद्ध मातेविषयीं. येथें आम्हांस कठोर बोलणें भाग आहे. अडचण पाहावयाची ती जमिनीची, माणसाची नव्हे. आई चार वर्षांनीं, दहा वर्षांनीं जाईल; भिंत जाणार नाहीं. घर विकलें गेलें तर नव्या मालकास आई नसेल, भाडेकरू असेल. कनवाळूपणानें दिलेली परवानगी पिढ्यान्‌पिढ्या शेजाऱ्याच्या खिडकीसमोर उभी राहते. याचा अर्थ अर्ज फेंकून द्यावा असा नव्हे. २००४ सालीं ओरिसांतील एका प्रकरणांत आपल्या सर्वोच्च न्यायालयानें, अजाणतां चुकणारा साधा घरमालक व जाणूनबुजून नियम मोडणारा धंदेवाईक बिल्डर यांत फरक केला, तो योग्यच आहे. आपल्याकडे नेमकें उलट घडतें: बिल्डरास सवलत मिळते व गृहस्थास नोटीस.

तेव्हां आमच्या अर्जदाराची मागील बाजू आधीं मोजावी. तेथें नियमांत खोली बसत असेल तर बाजूचा प्रश्नच उरत नाहीं. पुढची बैठकीची खोली आईस देऊन वरच्या मजल्यावर बैठक नेतां येते कीं काय, हेंही पाहावें. प्लॉटच्या आकारामुळेंच कांहीं जमत नसेल तर शेजाऱ्यास लेखी नोटीस द्यावी, त्याच्या खिडकीशीं अधिकाऱ्यानें स्वतः उभें राहून उजेड पाहावा, कारणें लिहून तीं फलकावर लावावींत, आणि मग पांच फुटांऐवजीं दोन फुटांनीं काम भागतें काय, याचा हिशेब करावा.