पार्सलचे ओझे कोणाच्या खांद्यावर?



ऑनलाइन खरेदी आता फक्त साहेबांच्या घरची राहिलेली नाही. ट्रॅकमनच्या क्वार्टरमध्येही मिक्सर, गादी, मुलाच्या अभ्यासाचे टेबल मोबाईलवरून मागवले जाते. त्यात गैर काही नाही. पण वस्तू जितकी मोठी, तितका एक विचार मनाला टोचतो. हे ओझे दारापर्यंत आणणारा पोस्टमन आपलाच भाऊ आहे, त्याला आपण छळतो आहोत का?

चंदीगडच्या आयटी पार्कमध्ये नोकरी करणाऱ्या एका मराठी मुलाने मला हेच विचारले. त्याचे वडील रेल्वेतले. "काका, पंचवीस किलोचे टेबल हवे आहे. पोस्टमन ते कसा आणेल? नको मागवू का?" राजीव गांधी चंदीगड टेक्नॉलॉजी पार्क हे त्या वसाहतीचे पूर्ण नाव. २००५ साली तिचे उद्घाटन झाले. दिवसभर संगणकापुढे बसणाऱ्या या मुलांना बाजारात जायला सवड नाही, म्हणून सगळे घरपोच. अशाच वसाहतींतून ऑनलाइन बाजाराचे सॉफ्टवेअर लिहिले जाते. तिथल्या मुलाला ओझे वाहणाऱ्याची आठवण झाली, याचे मला समाधान वाटले. पण मी त्याला म्हणालो, "टेबल जरूर मागव. ते कसे पोचवायचे, याचे उत्तर प्रशासनाने द्यायचे आहे."

हिशेब पाहा. स्पीड पोस्ट १ ऑगस्ट १९८६ रोजी सुरू झाले. त्यातून ३५ किलोपर्यंतचे पार्सल घेतले जाते. काउंटरवर वजन होते, पैसे घेतले जातात, पावती मिळते. पण ज्याच्या बीटवर ते पार्सल जाते, त्याच्या हाती काय आहे? सातव्या वेतन आयोगाने सायकल भत्ता बंद करण्याची शिफारस केली होती. २०१७ साली सरकारने पोस्टमन आणि रेल्वेचे ट्रॅकमन यांच्यासाठी तो चालू ठेवला आणि महिना ९० रुपयांवरून १८० रुपये केला. म्हणजे सरकारच्या कागदावर पोस्टमन अजून सायकलवर आहे. सायकलच्या कॅरिअरवर टेबल कसे बांधायचे, हे मात्र त्या कागदात नाही.

खेड्यात तर याहून बिकट. ग्रामीण डाक सेवकाचे काम चार किंवा पाच तासांचे धरून त्याचा मोबदला ठरतो. वाहन त्याचे, पाठही त्याची. पार्सल मोठे झाले म्हणून त्याचे तास वाढत नाहीत.

खात्याने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१८ साली पार्सलसाठी स्वतंत्र संचालनालय झाले. मोठ्या शहरांत नोडल डिलिव्हरी सेंटर काढून गाडीने वाटप सुरू झाले. हे पाऊल योग्यच आहे. पण गाडी शहराच्या वेशीवर थांबते आणि पार्सल पुढे जाते, ही खरी अडचण आहे.

काही जण म्हणतील, मग पोस्टाने मागवूच नये. हा उपाय रोगाहून वाईट. पत्रे घटली. आज पोस्टाला पार्सलचे काम हवे आहे. रेल्वेचाही त्यात वाटा आहे. २०२२ साली सुरत ते वाराणसी रेल्वे आणि टपाल खात्याची संयुक्त पार्सल सेवा सुरू झाली. हे काम आपण सोडले तर पार्सल बंद होणार नाही, ते खाजगी कंपनीच्या पोराच्या पाठीवर जाईल. त्याला नगामागे पैसे, पेट्रोल पदरचे आणि पेन्शनचे नाव नाही. सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ रोजी लागू झाली आणि देशाच्या कायद्यात त्याचे नाव आले. पण नाव आले म्हणजे पगार आला, असे नव्हे. आपल्या भावाचे ओझे उतरवून दुसऱ्याच्या लेकरावर टाकणे, याला कामगारांची एकजूट म्हणत नाहीत.

वजनाची मर्यादा मागणे ही चैन नाही. महाराष्ट्राला हे सांगायला नको. १९६९ चा माथाडी कायदा याच मातीत झाला. पोते ५० किलोंच्या वर नको, यासाठी माथाडी आणि पुण्याची हमाल पंचायत झगडली. जर्मनीत २०२४ साली टपाल कायदा बदलला. दहा किलोंवरील पार्सलवर वजनाची खूण सक्तीची झाली आणि वीस किलोंवरील पार्सल दोघांनी, किंवा योग्य साधन देऊनच, पोचवावे असे ठरले. तिथे ग्राहकांना खरेदी थांबवावी लागली नाही. नियम बदलला.

आपल्या मागण्याही साध्या आहेत. एकट्याने पायी वा सायकलवर न्यायच्या पार्सलला वजनाची मर्यादा हवी. त्यावरील पार्सल खात्याच्या गाडीने आणि दोन माणसांनी जावे. जड पार्सलवर वजन ठळक लिहावे. बीटची मोजणी करताना पार्सलचे वजन आणि जिने धरावेत. ग्रामीण डाक सेवकाचे तास कामाप्रमाणे मोजावेत.

ग्राहक म्हणून आपलेही कर्तव्य आहे. पत्ता आणि फोन नंबर नीट लिहा. पार्सल जड असेल तर खाली उतरा, एक टोक धरा. पाणी विचारा. एवढ्याने माणुसकी होते, पण नियम होत नाही. त्यासाठी आपल्या शाखेच्या पुढच्या सभेत हा विषय घ्या, ठराव करा आणि पोस्टातल्या भावांच्या सहीबरोबर रेल्वेवाल्यांची सही त्यावर असू द्या. मेल व्हॅनमधली थैली आपण आजवर एकत्र ओढली आहे. ही मागणीही एकत्रच ओढावी लागेल.